ऑपरेशनं मोजा म्हणे!

कात्रीवाला: काल इथे एकाने लिहिलं, ‘मेडिकल कॉलेजातल्या सर्जनच्या बढतीला रिसर्च पेपर कशाला? ऑपरेशन थिएटरचं, म्हणजे ओटीचं रजिस्टर उघडा, ऑपरेशनं मोजा, विषय संपला.’ डोकंच फिरलं. त्या रजिस्टरात सर्जनच्या रकान्यात युनिट हेडचं नाव असतं, टाके कुणीही घातलेले असोत. सिबेशियस सिस्ट, म्हणजे कातडीखालची साधी गाठ, एक ओळ; व्हिपल, म्हणजे स्वादुपिंडाचं तासन्‌तास चालणारं ऑपरेशन, तीही एकच ओळ. ओळी मोजायला लागा, उद्या ओपीडीतली प्रत्येक गाठ ओटीत येईल आणि अवघड केस पुढच्या हॉस्पिटलला रेफर. शिवाय आत्ताचा नियम काय डोंगर आहे? असोसिएट प्रोफेसर व्हायला दोन पेपर, प्रोफेसर व्हायला चार. असिस्टंट प्रोफेसर म्हणून चार वर्षं हातात असतात.

ओटी_नं_४: आकडा नको, निकाल मोजा. प्रत्येक कॉम्प्लिकेशनला क्लेविएन-डिंडोची, म्हणजे ती किती गंभीर याची ग्रेड लावा, ३० दिवस फॉलोअप ठेवा. पेपर पाडणारा सर्जन पेशंटच्या काय कामाचा?

कात्रीवाला: हिशेब करा. लॅप कोलीत, म्हणजे दुर्बिणीने पित्ताशय काढताना, पित्तनलिकेला इजा हजारात पाच धरा. २०० केसमागे सरासरी एक. म्हणजे अगदी सर्वसाधारण हाताच्या सर्जनचीही २०० केस बिनइजा जाण्याची शक्यता ३७ टक्के. नशिबाला बढती देणार का? आणि हर्नियात ३० दिवसांत सेरोमा (जखमेत साठलेलं पाणी) दिसेल, इन्फेक्शन दिसेल. हर्निया परत यायला वर्षं लागतात, तोवर पेशंट गावी.

ओटी_नं_४: बरं, इजेचं मान्य. पेपरला मात्र नशीब लागत नाही, ओळख लागते.

पीएसएमवाली: ओळखीचं बोललातच तर लेखकांची यादी बघा. फेब्रुवारी २०२० पासून बढतीला पहिले तीन लेखक किंवा करस्पाँडिंग (जर्नलशी पत्रव्यवहार करणारा), एवढेच धरतात. थीसिसच्या पेपरवर रेसिडेंट पहिला, गाइड दुसरा आणि तिसऱ्या खुर्चीत एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, ज्यांनी मॅन्युस्क्रिप्ट उघडलेलीही नसते. सॅम्पल साइज (किती पेशंट घ्यायचे तो आकडा) आणि अख्खं अ‍ॅनालिसिस करून देणारा आमच्या पीएसएमचा, म्हणजे सामाजिक आरोग्य विभागाचा माणूस चौथा. त्याच्या बढतीत त्याची किंमत शून्य.

जुना_गाइड: बाई, डिपार्टमेंट कोण चालवतं? केसेस, ओटीचे दिवस, एथिक्स कमिटीपुढची धावपळ कुणाची?

पीएसएमवाली: सर, आयसीएमजेईच्या, म्हणजे मेडिकल जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, लेखक म्हणवायला चार अटी आहेत: कामात भरीव वाटा, लिखाणात किंवा दुरुस्तीत हात, अंतिम मसुद्याला मंजुरी, जबाबदारी. चारही लागतात. ओटीचे दिवस देणं यात कुठेच बसत नाही, त्यासाठी शेवटी आभाराचा परिच्छेद असतो.

जुना_गाइड: आणि तुमचं ते अ‍ॅनालिसिस! डेटा गोळा झाल्यावर पी व्हॅल्यू काढून देणं म्हणजे लेखन?

पीएसएमवाली: गोळा झाल्यावर आणता हेच तर रडगाणं आहे! हर्नियात बसवायच्या दोन मेशची (जाळ्यांची) तुलना आणि सॅम्पल साइज काढलेला प्रिव्हेलन्सच्या, म्हणजे आजार किती जणांत आहे ते मोजायच्या सूत्राने. एथिक्सच्या पत्रावरची तारीख पहिल्या पेशंटनंतरची. कुणाला कुठली मेश हे अभ्यासासाठी ठरवलं की ती ट्रायल. १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआय, म्हणजे भारतातली ट्रायलची नोंदवही, मागाहून नोंदणी घेत नाही, पहिल्या पेशंटआधी नंबर हवा. असा पेपर चांगलं जर्नल रिव्ह्यूलाही पाठवत नाही. मग जातो पैसे घेऊन आठ दिवसांत छापणाऱ्याकडे.

कात्रीवाला: त्यात ‘पबमेडमध्ये (मेडिकल लेख शोधायच्या साइटवर) दिसतं’ यावर सगळे खूश. पबमेड सेंट्रल या लेखांच्या साठ्यात ठेवलेला लेखही पबमेडमध्ये दिसतो, म्हणून ते जर्नल मेडलाइनमध्ये, म्हणजे निवडक जर्नलांच्या सूचीत, असतंच असं नाही. एनएलएम (अमेरिकेची नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन) कॅटलॉगमध्ये नाव टाका, इंडेक्सिंगची स्थिती तिथे लिहिलेली असते.

ओटी_नं_४: म्हणजे तुमची पेपरमोजणीही ओटी रजिस्टरच निघाली की! आमच्याकडे निदान ओळीमागे एक पेशंट असतो.

कात्रीवाला: असतो. त्याची तीस दिवसांनी कुणी चौकशी केली असेल तर अशा बऱ्याच पेशंटची मिळून केस सिरीज लिहा, मोजणीत धरतात. एकेका पेशंटचे केस रिपोर्ट तेवढे धरत नाहीत, त्यामुळे एक दुर्मिळ गाठ घेऊन येऊ नका.

जुना_गाइड: तिसऱ्या नावाबद्दल बोलायचं झालं तर पुढच्या पेपरला पीएसएमचं नाव तिसरं घालू. झालं समाधान?

पीएसएमवाली: प्रोटोकॉल लिहितानाच सांगा सर, प्रूफ आल्यावर नको.