सोनोग्राफीत गाठ दिसली, तरी प्रकार का कळत नाही?

सोनोग्राफीत कुत्र्याच्या वृषणातली गाठ स्पष्ट दिसूनही डॉक्टर तिचा प्रकार का सांगत नाहीत, असे आपण विचारले आहे. गाठीचा आकार, जागा आणि पोटातल्या वाढलेल्या लसिकाग्रंथी त्यात दिसतात; पेशींची जात मात्र दिसत नाही. कुत्र्यांत बहुधा सर्टोली, लेडिग आणि सेमिनोमा या, वृषणातल्या वेगवेगळ्या पेशींपासून होणाऱ्या, ३ गाठीच आढळतात, पण टेराटोमा (अनेक प्रकारच्या ऊतींची मिश्र गाठ) किंवा रेटे टेस्टिसचा (वृषणातल्या सूक्ष्म नलिकांच्या जाळ्याचा) कार्सिनोमा, म्हणजे कर्करोग, असे दुर्मीळ प्रकार काढलेल्या वृषणाच्या हिस्टोपॅथॉलॉजीत (ऊतीच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीत), आणि कधी इनहिबिनसारख्या प्रथिनांच्या इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीनंतरच (प्रतिपिंडे वापरून पेशींतली ठरावीक प्रथिने रंगवून पाहण्याच्या चाचणीनंतरच), खात्रीने ओळखता येतात.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या १२ वर्षांच्या पॉमेरेनियनच्या दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ झाले होते आणि नर असूनही त्याची स्तनाग्रे फुगली होती. महिनाभर आम्ही तो त्वचारोगच समजत राहिलो, याचे आजही वाईट वाटते. ही अशा गाठीमुळे इस्ट्रोजेन (स्त्री-संप्रेरक) वाढल्याची लक्षणे असतात आणि त्याने रक्तपेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेचे काम मंदावू शकते, म्हणून शस्त्रक्रियेआधी रक्तपेशी व प्लेटलेट मोजून घ्याच. काढलेले वृषण टाकून न देता १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात), ऊतीच्या सुमारे १० पट द्रवात बुडवून, प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा आग्रह धरा. ते मोठे असेल तर द्रव आतपर्यंत मुरावा म्हणून त्याला काप द्यावा लागतो.