मदत हवी आहे: फोर-बाय-फोरच्या डिफरन्शियलमध्ये कोणतं ऑइल?

मंडळी, जुन्या फोर-बाय-फोरच्या पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलचं (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरसंचाचं) ऑइल बदलायचंय. मॅन्युअल गहाळ. आत हायपॉइड गिअर (एकमेकांवर घासत फिरणारे वक्र दात्यांचे गिअर), म्हणजे जीएल-५ (जास्त दाब सोसणारं गिअर ऑइल) लागणार हे पक्कं, अडलोय ग्रेडवर, म्हणजे ऑइलच्या जाडीवर. ८०डब्ल्यू-९० पुरेल, की चढावर ट्रॉली ओढायची असल्याने मागे ८५डब्ल्यू-१४० घालू? मागचा डिफरन्शियल लिमिटेड-स्लिप (एकच चाक नुसतं गरगरू न देणारा) आहे, क्लच प्लेटवाला. मग फ्रिक्शन मॉडिफायर (त्या प्लेटांचं घर्षण जुळवणारं द्रव्य) वेगळा टाकायचा, की 'एलएस' (लिमिटेड-स्लिप) लिहिलेल्या ऑइलमध्ये तो असतोच?

मेकॅनिक म्हणतो, उरलेलं जीएल-५ गिअरबॉक्समध्येही ओता. मला पटत नाही. त्यातलं गंधक सिंक्रोच्या (गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या कड्यांच्या) पितळेला खाऊ शकतं ना?

आणि हो, आधी फिलर प्लग (ऑइल भरायचं बूच) सुटतो का बघणार, मगच ड्रेन (ऑइल काढायचं बूच) उघडणार. एकदा उलटं करून फसलोय!