मॅडम रिटायर होतायत, नुसता सत्कार नको, वेगळं काय करता येईल?

प्रश्न
आमच्या गणिताच्या मॅडम यंदा रिटायर होतायत. वर्गात शिकवलं ते तर आहेच पण नवीन शिक्षकांना हाताशी धरून तयार करणं, अभ्यासक्रम समितीचं काम, शिक्षकांच्या मासिकात लिहिणं हे पण वर्षानुवर्षं चालू होतं, त्याचा कुठे गाजावाजा नाही. कार्यक्रम होईलच, पण तिसऱ्या भाषणाला सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात. नंतरही उपयोगी पडेल असं काही केलंय का कोणी?

प्रतिसाद १
गौरव अंक काढा पण प्लीज नुसत्या आठवणींनी भरू नका, "मॅडम कडक पण प्रेमळ" हे चाळीस जण चाळीस वेळा लिहितात. विद्यापीठात प्रोफेसरांसाठी गौरवग्रंथ निघतो त्यात शिष्य आणि सहकारी त्याच विषयावर स्वतःचं नवीन काम देतात. शाळेतल्या शिक्षकांसाठी हे का नको? अपूर्णांकात मुलं नक्की कुठे अडकतात, मॅडम तिथून कसं बाहेर काढायच्या, हे आज शिकवणाऱ्यांनी लिहावं. १/२ + १/३ = २/५ करणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात!

प्रतिसाद २
+१. आणि टाचणवह्या (तासाची तयारी लिहून ठेवतात त्या) मागा!! आम्ही एका सरांच्या स्कॅन केल्या, समासात बारीक अक्षरात "हे उदाहरण फसलं, आधी घड्या घालून दाखवणे" असं काय काय, नवीन शिक्षक अजून वापरतात. आधी विचारा मात्र, सगळ्यांना आवडतंच असं नाही.

प्रतिसाद ३
पुरस्कारासाठी नाव पाठवणार असाल तर "विद्यार्थीप्रिय" वगैरे विशेषणांनी काही होत नाही. अभ्यासक्रम समितीत त्यांच्यामुळे काय बदललं, हाताखालचे शिक्षक आज काय करतात ते लिहा, आणि शिफारसपत्र मुख्याध्यापकांपेक्षा ज्युनियर शिक्षकाचं जास्त बोलतं असं माझं मत. कार्यक्रमाला तारीख हवी असेल तर ५ ऑक्टोबर, जागतिक शिक्षक दिन, १९९४ पासून पाळतात. १९६६ ला युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने शिक्षकांच्या दर्जाबद्दल शिफारस केली ना, त्याची ती तारीख, आणि त्यात अध्यापन हा सतत अभ्यास लागणारा व्यवसाय आहे असंच म्हटलंय, तुमच्या मॅडमना फिट बसतं.

प्रश्नकर्ता
टाचणवह्यांचं विचारलं, म्हणाल्या देते पण अक्षरावरून कोणी हसायचं नाही :) मोबाईलने स्कॅन चालेल का?

प्रतिसाद २
पेनाचं असेल तर चालेल. पेन्सिलीचं असेल तर स्कॅनरच बघा, फोटोत फिकट येतं.