मदत हवी आहे: कोडमधल्या कोटातल्या स्ट्रिंग रेगेक्सनं पकडताना घोळ होतोय

खडेबाजार_कोडर:
काल रात्रीपासून अडकलोय. रेगेक्सनं, म्हणजे मजकूर शोधायच्या नमुन्यानं, कोटातला (" " या खुणांमधला, त्यालाच स्ट्रिंग म्हणतात) सगळा मजकूर बाहेर काढायचाय. ".*" लावलं तर ओळीतल्या शेवटच्या कोटापर्यंत सगळं गिळतंय, ".*?" लावलं तर मधेच तुटतंय. संध्याकाळी द्यायचंय, लवकर सांगा.

टिळकवाडीकर:
भाषा कुठली? तुटतंय ती एक ओळ तरी चिकटवा की ओ.

खडेबाजार_कोडर:
जावा. हार्डवेअर दुकानाचं बिलिंग. मालकांना बिल मराठी नि कन्नड दोन्हीत पाहिजे, म्हणून पायथनच्या स्क्रिप्टनं मजकूर वेगळा काढालोय. ओळ:
"६\" पाईप" + "नग"

टिळकवाडीकर:
इंचाच्या खुणेआधी उलटा स्लॅश आहे, तो ".*?" ला कळत नाही. हे लावा:
"(?:[^"\\]|\\.)*"
कोट आणि उलटा स्लॅश सोडून काहीही, नाहीतर उलटा स्लॅश नि पुढचं एक अक्षर.

निपाणी_जावा:
रेगेक्सच्या नादाला लागू नका, जावापार्सर घ्या, जावाचा कोड वाचणारी तयार लायब्ररी आहे. मी दोन दिवस घालवलेत असल्या कामात. जावा १५ पासून तीन कोटांचे टेक्स्ट ब्लॉक पण आलेत, ते कसे पकडणार?

टिळकवाडीकर:
कंस एकात एक बसतात, स्ट्रिंग तशा बसत नाहीत. कंपायलरचा लेक्सरसुद्धा (कोडचे तुकडे पाडणारा भाग) त्या अशाच नियमानं ओळखतो. एवढ्याला पार्सर कशाला?

खडेबाजार_कोडर:
कोड जावा ८ चा आहे, टेक्स्ट ब्लॉक नाहीत.

चिकोडीकर:
थर्मल प्रिंटरवर कन्नड जोडाक्षरं तुटतात बगा. आमच्याकडं बिलाचं चित्र करून पाठवतो, तेव्हा नीट येतं.

खडेबाजार_कोडर:
प्रिंटरचं नंतर बघू ओ. वरचं चाललं, खरं एका फाईलीत अर्ध्यापासून सगळं उलटं. बाहेरचा कोडच स्ट्रिंग म्हणून येतोय.

निपाणी_जावा:
हेच सांगत होतो मी.

खानापूरची_ताई:
त्या फाईलीत कॉमेंटमध्ये, म्हणजे कोडातल्या टिपेत, एकटा कोट आहे का? // ४" जुना भाव, असं काही?

खडेबाजार_कोडर:
आहे ताई! अगदी तसाच.

खानापूरची_ताई:
मग तो एकटा कोट पुढच्या कोटाशी जुळतो नि तिथून सगळं उलटतं. कॉमेंट नि '"' असली एकेरी कोटातली अक्षरंही त्याच नियमात धरा:
//.*|'(?:\\.|[^'\\])*'|("(?:\\.|[^"\\])*")
पहिला गट, म्हणजे स्ट्रिंगभोवतीचा कंस, भरला असेल तेवढंच घ्या, बाकी सोडा. स्ट्रिंगमध्ये वेबपत्त्याचे // आले तरी बिघडत नाही, डावीकडून आधी कोटच लागतो.

खडेबाजार_कोडर:
आणि /* */ वाल्या कॉमेंट?

खानापूरची_ताई:
सुरुवातीला हे जोडा: /\*(?:[^*]|\*(?!/))*\*/|

खडेबाजार_कोडर:
झालं! सगळ्या फाईली नीट आल्या. चिकोडीकर, आता प्रिंटरचं सांगा.