कॅनडाचं 'काळजी घेणारं सरकार' गव्हाच्या शेतात जन्मलं की युद्धात?

प्रेअरीकर

कॅनडा म्हटलं की आपल्याकडे सरकारी खर्चातला दवाखाना, बेकारभत्ता आणि म्हातारपणची पेन्शन एवढंच आठवतं. परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की दुसऱ्या महायुद्धानंतर पैसा आला म्हणून हे सगळं सुचलं. मला ते साफ अमान्य आहे. तिथे विषयांतर नको, म्हणून हा वेगळा धागा.

माझं म्हणणं असं की याचं बियाणं दोन युद्धांच्या मधल्या वीस वर्षांत पेरलं गेलं, तेही प्रेअरीच्या, म्हणजे पश्चिम कॅनडातल्या सपाट गवताळ पट्ट्यातल्या, शेतकऱ्यांनी. मी तिथल्याच सस्कॅचेवान प्रांतात राहतो, त्यामुळे थोडा पक्षपात गृहीत धरा.

आधी परिस्थिती बघा. १९२९ च्या उन्हाळ्यात विनिपेगच्या बाजारात गहू बुशेलला (साधारण २७ किलो) दीड डॉलरच्या वर होता. १९३२ च्या डिसेंबरात तोच ४० सेंटच्या खाली आला. त्यात दुष्काळ, टोळ, धुळीची वादळं. १९३७ साली सस्कॅचेवानात एकरी सरासरी तीन बुशेलसुद्धा गहू झाला नाही. त्या वर्षी ग्रामीण भागातली सुमारे दोन तृतीयांश माणसं सरकारी मदतीवर जगत होती. पेट्रोल परवडेना, तेव्हा लोकांनी मोटारीचं इंजिन काढलं, पुढे घोडे जुंपले आणि त्या वाहनाला पंतप्रधानांचं नाव दिलं : बेनेट बग्गी.

पण हीच माणसं त्याआधीपासून एकत्र येऊन गोष्टी करत होती. १९२३-२४ मध्ये तिन्ही प्रेअरी प्रांतांत गव्हाचे 'पूल' उभे राहिले. शेतकऱ्याने पाच वर्षांचा करार करायचा, सगळा गहू पूलला द्यायचा, पूल तो विकणार आणि वर्षाची सरासरी किंमत सगळ्यांना सारखी मिळणार. दशक संपताना पश्चिमेचा निम्म्याहून जास्त गहू पूलमार्फत जात होता. डॉक्टर गावात टिकेना, तर इथल्या ग्रामीण पालिकांनी कराच्या पैशातून त्याला पगारावर ठेवला. १९२९ पासून सस्कॅचेवानात क्षयरोगाचे उपचार मोफत झाले, उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा. १९३२ मध्ये कॅल्गरीत सीसीएफ हा डावा पक्ष निघाला, १९३३ मध्ये त्याचा रेजायना जाहीरनामा आला आणि त्यात सार्वजनिक आरोग्यसेवा स्पष्ट लिहिलेली आहे. टॉमी डग्लस तेव्हा वेबर्न नावाच्या गावात चर्चमध्ये प्रवचनं देत होते आणि बेकारांसाठी धडपडत होते. पुढे १९६२ मध्ये सस्कॅचेवानात जी वैद्यकीय विमा योजना आली, तिचा पाया त्यांनीच मुख्यमंत्री असताना घातला.

बोला आता.

हिशोबनीस

लिहिलंय छान, पण पूलची गोष्ट अर्ध्यावरच सोडलीत. पुढचं मी सांगतो. १९२९ च्या पिकावर पूलने शेतकऱ्यांना बुशेलला एक डॉलर उचल दिली. बाजारभाव त्याच्या खाली घसरला. बँका दारात उभ्या, प्रांतिक सरकारांनी हमी घेतली म्हणून निभावलं, आणि विक्रीचा कारभार शेवटी ओटावाने, म्हणजे केंद्र सरकारने, नेमलेल्या माणसाकडे गेला. १९३५ मध्ये सरकारी गहू मंडळ आलं ते यातून. सहकार बुडाल्यावर सरकार आलं. याला बियाणं म्हणायचं असेल तर म्हणा.

आणि त्या काळातलं सरकार किती 'काळजी घेणारं' होतं? राज्यघटनेप्रमाणे गरिबांची मदत ही प्रांतांची आणि पालिकांची जबाबदारी, असं म्हणून ओटावा हात झटकत होतं. एप्रिल १९३० मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मॅकेन्झी किंग भर संसदेत म्हणाले की विरोधी पक्षाच्या प्रांतिक सरकारांना मी पाच सेंटचं नाणंही देणार नाही. त्याच वर्षी निवडणूक हरले, ते सोडा. नंतर आलेल्या बेनेटनी अविवाहित बेकार पुरुषांसाठी सैन्याच्या देखरेखीखाली छावण्या काढल्या. खाणंपिणं आणि दिवसाला २० सेंट. रस्ते बांधा, झाडं तोडा. १९३२ ते १९३६ मध्ये एक लाख सत्तर हजार माणसं त्यातून गेली. १९३५ च्या जूनमध्ये व्हँकूवरहून हजारेक जण मालगाड्यांच्या टपावर बसून ओटावाला जाब विचारायला निघाले. त्यांना तुमच्या सस्कॅचेवानच्या राजधानीत, रेजायनातच अडवलं आणि १ जुलैला, कॅनडाच्या राष्ट्रीय सणाच्या दिवशी, पोलिसांनी सभेवर धाड घातली. दंगल झाली, त्यात एक पोलीस डिटेक्टिव्ह मेला.

बेनेटनी १९३५ मध्ये बेकारी विम्याचा कायदा केला खरा, पण १९३७ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हाचं कॅनडाचं शेवटचं अपील न्यायालय) तो घटनाबाह्य ठरवला. विमा प्रत्यक्षात आला १९४० मध्ये, कुटुंबभत्ता १९४५ मध्ये. दोन्ही युद्धाच्या काळात. धुळीने हे घडवलं असतं तर १९३३ मध्येच दिसलं असतं, तेव्हा तर मंदी तळाला होती.

कावळा

हिशोबनीस +१. शिवाय शेजारच्या अल्बर्टात तीच धूळ, तोच पडलेला गहू. १९३५ मध्ये तिथे निवडून कोण आलं? रेडिओवर बायबल सांगणारे एबरहार्ट, प्रत्येक प्रौढाला महिना २५ डॉलर देतो असं म्हणून. ते पैसे काही मिळाले नाहीत. क्वेबेकात १९३६ मध्ये दुप्लेसी मुख्यमंत्री झाले, आणि पुढच्याच वर्षी साम्यवादाच्या नावाखाली घरांना टाळं ठोकायचा कायदा केला. भुकेल्या माणसाने डावीकडेच वळावं असा काही नियम नाही.

मीरा_टोरांटो

तुम्ही दोघं सरकार सरकार करताय. मदत घेणाऱ्या घरात काय चाललं होतं ते बघायचं असेल तर बेनेटना लोकांनी लिहिलेली पत्रं वाचा, ती जपून ठेवलेली आहेत. सस्कॅचेवानच्या एका शेतकरीणबाईने पंतप्रधानांना लिहिलं, की नवऱ्याला हिवाळ्यासाठी जाड अंतर्वस्त्रं हवीत, पाठवाल का? आणि बेनेटनी ईटन्सच्या दुकानाकडे मागणी नोंदवून, स्वतःच्या पैशांनी ती पाठवली. इतर कितीतरी जणांना ते पाच डॉलरची नोट पाकिटात घालून पाठवत. हा गृहस्थ लक्षाधीश, मनाने वाईट नाही, पण बाईला हक्काने काही मिळायची सोयच नसल्यामुळे तिला देशाच्या पंतप्रधानापुढे नवऱ्याच्या बनियन-विजारीची गोष्ट काढावी लागली. पालिकेकडे मदत मागायला गेलात तर बऱ्याच ठिकाणी टेलिफोन काढून टाका, गाडीची नंबरप्लेट जमा करा, दारूचा परवाना परत द्या. शेजाऱ्यांना कळायचंच.

मला वाटतं बदल इथे झाला. पहिल्या युद्धाआधी गरिबी म्हणजे आळशीपणा, असं चर्चपासून वर्तमानपत्रापर्यंत सगळे मानत. १९३३ पर्यंत बँकेतला कारकूनसुद्धा रांगेत उभा होता, तेव्हा ते बोलणं अवघड झालं. कायदा नंतर आला, लाज आधी सरकली.

बायकांचं थोडंसं : १९२९ च्या ऑक्टोबरात प्रिव्ही कौन्सिलने स्त्रिया कायद्याने 'व्यक्ती' आहेत, म्हणजे सिनेटवर जाऊ शकतात, असं ठरवलं. तेव्हाच केंद्र सरकारच्या कचेरीत मात्र लग्न झालं की बाईने नोकरी सोडायची, हा नियम १९२१ पासून लागू होता आणि तो १९५५ पर्यंत टिकला. त्यामुळे 'काळजी' कोणाची, हे विचारायला हवं.

सदाशिवपेठी

मीराताईंचा शेवटचा प्रश्न पुढे नेतो. १ जुलै १९२३ पासून चिनी माणसांना कॅनडाची दारं जवळजवळ बंद झाली, ती १९४७ मध्ये उघडली. १९३० ते १९३५ मध्ये २८ हजारांहून जास्त स्थलांतरितांना परत पाठवलं, त्यातल्या पुष्कळांचा गुन्हा एवढाच की ते मदतीवर आले होते. ब्रिटिश कोलंबियातल्या आपल्या लोकांना, म्हणजे मुख्यतः लाकडाच्या गिरण्यांतल्या शिखांना, मतच नव्हतं. १९२२ मध्ये श्रीनिवास शास्त्री मुद्दाम तिथे जाऊन त्यांच्या मताधिकारासाठी बोलले. गोखल्यांनी पुण्यात काढलेल्या भारत सेवक समाजाचे ते तेव्हा अध्यक्ष होते. शास्त्रीबुवांचं इंग्रजी ऐकून सगळे भारावले, मत १९४७ पर्यंत दिलं नाही.

प्रेअरीकर

सदाशिवपेठी, पूर्ण मान्य. ज्यांना 'आपलं' मानलं त्यांच्यापुरतीच ही काळजी होती.

कावळा, अल्बर्टाचा मुद्दा मजबूत आहे. पण एबरहार्टना मत देणारा आणि सीसीएफला मत देणारा, दोघंही एकच मागत होते : बाजाराच्या भरवशावर आम्हाला सोडू नका. उत्तर वेगळं निघालं, प्रश्न तोच.

हिशोबनीस, १९४४ मध्ये डग्लस निवडून आले ते आकाशातून पडले का? १९३४ च्या प्रांतिक निवडणुकीत पाच जागा, १९३८ मध्ये दहा, आणि मग सत्ता.

हिशोबनीस

५२ पैकी दहा! मंदीच्या ऐन भरात, सगळ्यात जास्त मार खाल्लेल्या प्रांतात, तुमच्या शेतकऱ्यांनी किंग यांच्या लिबरल पक्षालाच निवडून दिलं. १९४४ मध्ये युद्ध चालू होतं, गहू विकला जात होता, तेव्हा डग्लस आले. हे माझ्या बाजूचे आकडे आहेत.

प्रेअरीकर

मग १९२७ ची वृद्ध पेन्शन घ्या. तेव्हा ना युद्ध, ना मंदी. किंग अल्पमतात होते, विनिपेगच्या वुड्सवर्थ आणि हीप्स या दोन मजूर खासदारांनी पाठिंब्याच्या बदल्यात आश्वासन घेतलं. १९१९ च्या विनिपेग सार्वत्रिक संपात याच दोघांना अटक झाली होती. तीस हजारांचा संप सहा आठवड्यांत चिरडला गेला, पण त्यातली माणसं संसदेत जाऊन पेन्शन घेऊन आली. सत्तराव्या वर्षानंतर महिना २० डॉलरपर्यंत. पैसा आला म्हणून हे झालं का?

हिशोबनीस

त्यातही निम्मे पैसे प्रांतांनी घालायचे होते. म्हणून अटलांटिक किनाऱ्यावरचे गरीब प्रांत आणि क्वेबेक कितीतरी वर्षं बाहेर राहिले. १९३१ मध्ये ओटावाने आपला वाटा ७५ टक्के केला, त्यानंतर ते एकेक करून आत आले. क्वेबेक तर १९३६ मध्ये.

प्रेअरीकर

सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा १९२८ मध्येच आले होते, निम्मे पैसे स्वतःच्या खिशातून घालून.

हिशोबनीस

१९२८ मध्ये प्रेअरीवर गव्हाचं विक्रमी पीक होतं, प्रेअरीकर.