कात्रज ते सिंहगड चालून जयपूर फूटसाठी निधी: पैसे नेमके कशाला द्यावेत?

पाऊलवाट:

नमस्कार. आमचा पुण्यात ३८ जणांचा गट आहे. दर वर्षी पाऊस सरला की जुन्या कात्रज बोगद्यापासून सिंहगडापर्यंत रात्रीची चाल करतो. यंदा त्या चालीतून कृत्रिम पायांसाठी पैसे उभे करायचं ठरलंय. सुचवलं मीच, त्यामुळे जबाबदारीही माझ्यावर आली.

कारण घरचं आहे. माझ्या बाबांचा डावा पाय २०१६ मध्ये मधुमेहामुळे गुडघ्याखाली काढावा लागला. तळव्याला फोड आला होता. पायात संवेदना उरली नव्हती, म्हणून त्यांना तो कळलाच नाही. मोजा रक्ताने भिजलेला आईला दिसला तोवर उशीर झाला होता. पुढे जयपूर फूट बसवला आणि बाबा पहिल्यांदा देवघरासमोर खाली मांडी घालून बसले, तेव्हा आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. गेल्या फेब्रुवारीत बाबा गेले. त्यांचा पाय अजून कपाटात आहे, मोज्यासकट.

पैसे जमवायची कल्पना अशी: या वाटेवर तेरा टेकड्या मोजतात. चालणाऱ्या प्रत्येकाने आपल्या ओळखीतले पाच जण गाठायचे आणि त्यांनी दर टेकडीमागे ५० रुपये द्यायचे. सगळे पोचले तर १ लाख २३ हजार ५०० होतात. गटातल्या काहींचं म्हणणं आहे की एक शिबिर घ्यावं, दिवसभरात जमतील तेवढे पाय वाटावेत. कृत्रिम पाय वापरणाऱ्या काही जणांना चालीला बोलवावं असंही म्हणतायत. दोन्ही गोष्टी करायच्या तर नीट करायच्या आहेत. आणि बाबांचा तो पाय दुसऱ्या कुणाला देता येईल का?

जुन्नरी भात:

ताई, बाबांचं वाचून वाईट वाटलं. मांडीचं लिहिलंत ते लगेच समजलं. पाय गेला की माणसाला खुर्चीवर बसवतात आणि बाकीचं घर खाली पंगतीला बसतं. तो दुरावा फार लागतो.

मी जुन्नर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातला. भातशेती आहे. माझा उजवा पाय २०११ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात गेला, गुडघ्याच्या खाली चार बोटं ठेवून. तेव्हा मी २६ वर्षांचा होतो.

शिबिराबद्दल सांगतो, कारण माझा पहिला पाय शिबिरातलाच. सकाळी माप घेतलं, संध्याकाळी पाय हातात. पैसा एक घेतला नाही. स्टेजवर नेलं, हार घातला, फोटो काढला. त्या दिवशी मी रडलो ते आनंदानेच. पण ऑपरेशन होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. उरलेला पाय अजून सुजलेला होता आणि माप त्या सुजेचं घेतलं गेलं. पुढच्या चार महिन्यांत सूज उतरली आणि सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो वरचा भाग, ढिलं पडलं. आत आधी एक मोजा घातला, मग दोन, मग तीन. तरी चालताना आतला पाय खाली सरकायचा. शेवटी नडगीच्या टोकाला जखम झाली. शिबिरात दिलेला फोन लागत नव्हता. दुरुस्तीला शहरात जायचं तर माझं आणि सोबतच्या माणसाचं एसटीभाडं, राहायची सोय, वर दोघांचे रोज बुडणार. ऐन लावणी होती. पाय सात महिने खुंटीला टांगलेला राहिला आणि मी कुबड्यांवर. त्यांच्या वहीत मात्र मी ‘पाय मिळालेला’ म्हणून मोजला गेलोय.

दुसरा पाय एका कायमच्या वर्कशॉपमध्ये झाला. तिथे चार दिवस ठेवून घेतलं. दोन दांड्यांच्या मधून चालवलं, सॉकेट काढून कातडी कुठे लाल झालीय ते रोज बघितलं, तिथे तिथे सैल करून दिलं. जिना चढवला, उतरवला. त्या पायावर मी दुसऱ्याच वर्षी चिखलणीत उतरलो. जयपूर फूटचं मोल मला बांधावर कळलं. बूट लागत नाही, अनवाणी चालतं, घोटा वर वाकतो म्हणून उकिडवं बसता येतं, बांध तिरका असला तरी पाऊल टेकतं. चिखल पाय ओढून घेतो, तेवढा वरचा पट्टा आवळावा लागतो.

म्हणून माझं मागणं एवढंच: तुमचे पैसे पहिल्या पायाला देण्यापेक्षा दुसऱ्या फेरीला द्या. सूज उतरल्यावरचं नवं सॉकेट, येण्याजाण्याचं दोघांचं भाडं, बुडालेला रोज, वर्षाचे मोजे. याला देणगीदार मिळत नाही, त्याचा फोटो चांगला येत नाही. ज्या संस्थेला द्याल तिला एक विचारा: सहा महिन्यांपूर्वी पाय दिलेल्यांपैकी आज किती जण तो घालून फिरतायत? वही काढून उत्तर दिलं तर बिनघोर द्या.

आणि आम्हाला बोलवायचं तर चालायला बोलवा, सत्काराला नको. मात्र रात्रीची कात्रजची वाट नको. लोकांना वाटतं चढ अवघड जात असेल. चढाला दम लागतो, तो तुम्हालाही लागतो. खरा त्रास उताराला. प्रत्येक पावलाला सगळं वजन सॉकेटच्या तळाशी आदळतं, आणि खाली मुरूम असेल तर रबरी पाऊल कुठे टेकलं ते कळत नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं. अंधारात ते जमत नाही. मी शिवनेरी उतरतो तेव्हा पायऱ्यांवर आडवा होऊन उतरतो. शिवाय घाम. तासाभराने बसून पाय काढायचा, पुसायचा, कोरडा मोजा घालायचा. हे चारचौघांत करायला नवा माणूस लाजतो आणि तसाच चालत राहतो, मग फोड येतो. बसायला आडोसा आणि वेळ आधीच ठरवून ठेवा.

माप आणि साचा:

मी पंधरा वर्षं कृत्रिम पाय बनवायचं काम करतोय, म्हणून कपाटातल्या पायाबद्दल आधी लिहितो.

ताई, सॉकेट दुसऱ्या कुणाला चालणार नाही. ते बाबांच्या पायाच्या प्लास्टरच्या साच्यावर ओढलेलं आहे. शेतात पाणी नेतात तसला एचडीपीई पाइप भट्टीत मऊ करतात आणि गरम असतानाच साच्यावर चढवतात. तो साचा एकाच माणसाचा असतो. पण खालचं पाऊल काढून घेता येतं. टाचेशी आणि बोटांच्या वळणाशी रबर दाबून बघा, चीर नसेल तर त्याच मापाच्या डाव्या पायाला ते लागू शकतं. पाय मॉड्युलर असेल, म्हणजे आत धातूची नळी आणि जोड असतील, तर ते भागही तपासून पुन्हा वापरता येतात. जवळच्या वर्कशॉपला आधी फोन करून न्या.

जयपूर फूटचं हे पाऊल १९६८ मध्ये जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात घडलं. रामचंद्र शर्मा हे कारागीर, सगळे त्यांना मास्टरजी म्हणत, आणि सोबत अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी. तोवर मिळणारं पाऊल बुटात घालायचं होतं. आपल्याकडे देवळात, घरात, शेतात बूट घालून कोण जातं? लोक ते पाय घेऊन जात आणि बाजूला ठेवून देत. मास्टरजींनी रबर आणि लाकडातून पावलासारखं दिसणारं, वाकणारं पाऊल केलं. १९७५ मध्ये डी. आर. मेहतांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली आणि पाय मोफत मिळू लागले. पुढे सुरुंगांनी पाय गेलेल्या अफगाणिस्तान आणि कंबोडियातल्या लोकांपर्यंत हेच पाऊल पोचलं, कारण तिथलाही माणूस जमिनीवर बसतो आणि शेतात अनवाणी उतरतो.

जुन्नरच्या दादांच्या म्हणण्यात एकच भर. मोठ्या माणसाचा पाय साधारण ३ ते ५ वर्षांनी बदलावा लागतो, वाढत्या मुलाचा ६ ते १२ महिन्यांनी. सात वर्षांच्या मुलीला आज पाय दिला आणि पुढे कुणी विचारलं नाही, तर ती आखूड पायावर लंगडत वाढते, पाठीचा कणा वाकतो. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने दोन वर्षं जुन्या पायाखाली चपलेचे तुकडे चिकटवले होते, वडिलांनी कापून दिलेले. तुमच्या १ लाख २३ हजारांत दोनतीन मुलांची पुढची काही वर्षं बांधून घेता आली तर मला ते शिबिरापेक्षा मोठं वाटेल. संस्थेशी तसं लेखी ठरवा.

शिबिरं वाईट असतात असं मी म्हणणार नाही, मी स्वतः अनेक केली आहेत. आदिवासी पाड्यांपर्यंत दुसरं काही पोचतच नाही. पण तिथेच सहा महिन्यांनी परत जायची तारीख पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलेली असावी.

दूरदेशी:

मी न्यू जर्सीत असते. तुमच्या टेकड्या इकडचे मराठी लोकही घेतील, पण पैसे पाठवताना एक बघा. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी धरली जात नाही. ओसीआय कार्डवाल्यांची, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांची, मात्र धरली जाते आणि ती फक्त एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते. म्हणून पैसे गटातल्या कुणाच्या खात्यात गोळा करू नका, थेट संस्थेला जाऊ द्यात. तिकडच्यांनीही रोख टाळावी, २००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला आयकरात सवलत मिळत नाही. माझ्या तेरा टेकड्या आजच धरा.

पाऊलवाट:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री गटाची बैठक झाली. शिबिर रद्द. वर्कशॉप असलेल्या एका संस्थेशी बोललो. दोन मुलांचे पाय पुढची तीन वर्षं बदलायचे आणि उरलेल्या पैशांतून दुसऱ्या फेरीचं भाडं आणि मोजे द्यायचे, असं ते लिहून देणार आहेत. टी-शर्ट आणि पदकंही काढून टाकली, त्यातच १९ हजार जात होते.

बाबांचा पाय कपाटातून काढला. टाचेला चीर नाही. आईने तो ओल्या फडक्याने पुसला आणि मोजा मात्र स्वतःजवळ ठेवून घेतला. शनिवारी वर्कशॉपला घेऊन जातोय.

जुन्नरचे दादा, रात्रीच्या वाटेला तुम्हाला बोलवत नाही. पण पहाटे आम्ही सिंहगडाच्या डांबरी रस्त्याला लागतो. तिथून वर याल का आमच्याबरोबर?

जुन्नरी भात:

येतो. आदल्या रात्री पुण्यात मावशीकडे मुक्काम करतो. डांबरी रस्त्याने वर सोबत चालेन, उतरताना मात्र गाडीत बसेन, कुणी आग्रह करू नका. तीन कोरडे मोजे पिशवीत असतील. आणि त्या दोन मुलांपैकी कुणाला यायचं असेल तर त्यांच्या आईवडिलांना माझा निरोप द्या, पाय कधी काढून बसायचं ते मी त्यांना वाटेत दाखवतो.