हाताखाली दोन ज्युनिअर आले आहेत; त्यांना शिकवायचे कसे?

प्रश्न

मी तालुक्याच्या ठिकाणी चार वर्षे दिवाणी बाजूची वकिली करतो. आमच्या सरांनी वयोमानामुळे कामाचा पसारा कमी केला असून, नुकतीच वकिलीची सनद मिळालेल्या दोघांना माझ्यावर सोपवले आहे. माझी पहिली दोन वर्षे बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) पाहणे, तारखा घेणे, मुदतीचे अर्ज देणे आणि सरांच्या मागे फायली घेऊन उभे राहणे यांतच गेली. सर मनाने चांगले आहेत, पण माझा मसुदा पसंत पडला नाही की चूक न दाखवता ते टायपिस्टला नवा मजकूर सांगू लागत. आता मीही तेच करू लागलो आहे. गेल्या आठवड्यात एकाने लिहिलेली कैफियत (दाव्याला प्रतिवादीने दिलेले लेखी उत्तर) मी रात्री बसून संपूर्ण नव्याने लिहिली; सकाळी ती वाचताना तो काहीच बोलला नाही, आणि ते मला अधिक लागले. काम वेळेत व्हावे आणि त्यांनाही शिकता यावे, असे दोन्ही कसे साधावे?

पहिले उत्तर (बावीस वर्षे वकिली)

तुमची अडचण वेळेची आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करा. कैफियतीला समन्स बजावल्यापासून ३० दिवस मिळतात आणि कारणे नोंदवून न्यायालय ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. तुम्ही मात्र ज्युनिअरला पंधराव्या दिवसाची तारीख द्या, म्हणजे त्याचा मसुदा बिघडला तरी तो त्यालाच दुरुस्त करायला वेळ उरेल. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८, नियम ५ प्रमाणे जे विधान स्पष्ट नाकारले जात नाही ते सर्वसाधारणपणे मान्य केले असे धरले जाते, हे नवख्या वकिलाला व्याख्यानाने कळत नाही. वादपत्र, म्हणजे वादीचा लेखी दावा, डावीकडे आणि कैफियत उजवीकडे ठेवून वादपत्रातल्या कोणत्या कलमाला (परिच्छेदाला) उत्तरच दिलेले नाही ते त्याला शोधू द्या. तुम्ही समासात फक्त पेन्सिलीने खूण करा, वाक्य लिहून देऊ नका.

उभे राहण्याची सवयही अशीच पायरीपायरीने लावावी. १८२७ च्या रेग्युलेशन या जुन्या कायद्याखालचा वारस दाखल्याचा अर्ज विनाविरोध असेल, तर त्यातला सरतपास (आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारणे) त्याच्याकडून करून घ्या. निशाणी ५ वरचा, म्हणजे दाव्यातल्या तूर्तातूर्त मनाईच्या अर्जावरचा, युक्तिवाद आणि उलटतपास पुढे येतील. तो बोलत असताना मागून कोट ओढू नका. माझ्या सीनिअरांनी तो इतक्यांदा ओढला की आजही न्यायाधीशांनी प्रश्न विचारला की मी आधी मागे पाहतो.

दुसरे उत्तर (सहा वर्षे वकिली)

वरील सल्ला योग्य आहे, पण त्यात पैशाचा विषय राहिला. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात ज्युनिअरला शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. ती बंधनकारक नाही आणि तालुक्याच्या वकिलाला पेलणारीही नाही, हे मान्य. तरीही त्याने केलेल्या कामाच्या फीतला ठरावीक वाटा त्याच दिवशी त्याच्या हातात पडावा. एसटीच्या भाड्यासाठी घरी हात पसरणाऱ्या मुलीकडून संध्याकाळी थांबून निवाडे वाचण्याची अपेक्षा कशी करणार? मी ती मुलगी होते.

तिसरे उत्तर

एक व्यावहारिक बाब सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली, आणि ती वकिली प्रमाणित करणाऱ्या वकिलाची स्वतःची किमान दहा वर्षे झालेली असावी लागतात. म्हणजे शिकवणार तुम्ही आणि सही करणार सर. यासाठी कोणत्या दाव्यात कोण उभे राहिले याची डायरी दोघांना आजपासून ठेवायला लावा आणि रोजनाम्यात (न्यायालयाच्या तारीखवार नोंदीत) त्यांचे नाव येते की नाही हेही पाहा. नाहीतर तीन वर्षांनी सर सही कशाच्या आधारावर करणार?

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे आभार. डायरी सोमवारपासून सुरू केली; फीच्या वाट्याविषयी सरांशी बोलायचे आहे, त्याचा संकोच वाटतो. तीच कैफियत, मी नव्याने लिहिलेली, वादपत्राशेजारी ठेवून मी त्याला तपासायला दिली. पूर्वेकडील बांधासंबंधीच्या कलम ९ ला मी ‘मजकूर खरा नाही’ एवढेच उत्तर दिले होते, तिथे त्याने पेन्सिलीने खूण करून विचारले, “दादा, बांध नाही असे आपले म्हणणे आहे, की बांध आहे पण तो त्यांचा नाही?”